दोन बोटं

कुही फाट्यापर्यंत सगळं ठीक असतं. एसटी उमरेड रोडला लागते, शेजारचा ओळखीचा माणूस यंदा सोयाबीनचं काय झालं ते सांगत असतो, मी हुंकार देत असतो. मग कधीतरी लक्षात येतं की त्याची मागची दोन-तीन वाक्यं माझ्या कानापर्यंत आलेलीच नाहीत. हा माझा पहिला इशारा. पोट अजून दुखायचं आहे, गुरगुरही सुरू झालेली नाही. पण आत कुणीतरी ऐकण्याच्या कामावरची माणसं काढून दुसरीकडे लावलेली असतात. त्यानंतर पट्टा. घरून निघताना ज्या भोकात सहज बसला होता, त्याच भोकात तो आता रुतायला लागतो. मग बेंबीच्या खाली, डावीकडे, नळात हवा अडकल्यावर येतो तसा आवाज. मानेवर काटा. तळहात गार. आणि डोक्यात एकच हिशेब: दिघोरी नाका अजून किती लांब?

माझ्या या सोबत्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. चिडखोर आतडं म्हणावं तर शब्द चपखल आहे, पण चारचौघांत उच्चारला की लोक हसतात. कुहीत त्याला स्वतःचं नाव नाहीच. 'गॅसेस', 'संग्रहणी', 'कोलायटिस', नाहीतर नुसतंच 'गुरुजीचं पोट'. नाव नाही म्हणून त्याला रजाही नाही. तापाला रजा मिळते. डेंग्यू झाला तर शेजारीपाजारी पपईच्या पानांचा रस घेऊन दारात उभे राहतात. 'पोटात कसंतरी होतंय' या अर्जावर सही कोण करणार?

निदान झालं त्या वर्षी रक्त तपासून झालं, शौच तपासून झालं, सोनोग्राफी झाली, शेवटी नागपूरला जाऊन दुर्बीणही झाली. सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी आनंदाने सांगितलं आणि मी खट्टू झालो. इतक्या वर्षांच्या त्रासाला एखादा फोटो तरी मिळायला हवा होता, असं वाटलं. या आजाराची मेख तिथेच आहे. आतडं दिसायला धडधाकट असतं. बिघाड असतो तो आतडं आणि मेंदू यांच्या आपसातल्या बोलण्यात. अन्न पुढे सरकताना, वायू साठताना आतड्याला जो ताण पडतो तो बाकीच्यांना कळतही नाही. या माणसाला तो कळ म्हणून ऐकू येतो. म्हणून निदान मशीन करत नाही, हकिगत करते. २०१६ साली ठरलेल्या रोम निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोट दुखलं पाहिजे, आणि त्या दुखण्याचा संबंध शौचाशी, शौचाच्या वेळा बदलण्याशी किंवा त्याचं रूप बदलण्याशी असला पाहिजे. तिन्हींपैकी दोन तरी. शिवाय त्रास सुरू होऊन सहा महिने उलटलेले हवेत. थोडक्यात, रोग्याने आपली गोष्ट नीट सांगितली तरच रोग सापडतो. आणि नेमकी हीच गोष्ट सांगायला आपली जीभ रेटत नाही.

मराठी भाषेला मात्र हे पोट-डोक्याचं सूत केव्हाचं ठाऊक आहे. भीती वाटली की आपल्या पोटात गोळा येतो. दुसऱ्याचं भलं झालं की पोटशूळ उठतो. लेकरासाठी आतडं तुटतं. इतकं सगळं पोटातच घडत असल्याचं कबूल करणारी भाषा बोलणारे आपण, तिमाही परीक्षेच्या सकाळी पोरगं तीनदा संडासात गेलं की त्याला म्हणतो, "नाटकं करू नको."

इथे एक गोष्ट अडवून सांगतो, कारण ती न सांगता पुढे जाणं बरं नाही. इशारे दोन जातीचे असतात. एक, आता झटका येणार हे सांगणारे. ते मी वर सांगितले. दुसरे, हा आयबीएस नसावा हे सांगणारे. शौचातून रक्त जाणं, कारण नसताना वजन उतरणं, ताप, रक्त कमी होणं, झोपेतून उठवणारी हगवण, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग झालेला असणं. यातलं काही असेल तर 'माझं पोटच नाजूक' या समजुतीवर एक दिवसही काढू नये. आयबीएस रात्री बहुधा झोपू देतो. माणूस जागा झाला की तोही जागा होतो. हा भेद मला कुणी पहिल्या वर्षीच सांगितला असता तर मी निम्म्या रात्री शांत झोपलो असतो.

हे आतडं असं चिडतं तरी का? कारण एक नाही. पण त्यातलं एक आमच्या तालुक्यात राहून मनातून जात नाही. नाग नदी नागपूर शहरातून वाहत पूर्वेकडे येते. शहराचं सांडपाणी अंगावर घेऊन ती कन्हानला मिळते आणि कन्हान पुढे आंभोऱ्याला वैनगंगेला. आंभोरा म्हणजे पाच नद्यांचा संगम, महाशिवरात्रीची जत्रा, चैतन्येश्वराचं देऊळ. त्याच्या खाली गोसीखुर्दचं पाणी पसरलेलं. म्हणजे नागपूरने जे पचवलं आणि जे पचवलं नाही, ते सगळं आमच्या अंगणातून जातं. आता पाणी बिघडलं की गॅस्ट्रो होतो, सलाईन लागते, माणूस चार दिवसांत उठतो आणि सगळे विसरतात. आतडं विसरत नाही. कॅनडात वॉकर्टन नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे, आपल्या कुहीसारखंच शेतीचं. २००० सालच्या मे महिन्यात तिथल्या नळाच्या पाण्यात गुरांच्या शेणातले जंतू गेले. सात माणसं दगावली, दोन हजारांवर आजारी पडली. डॉक्टरांनी त्या गावाची पाठ सोडली नाही. आठ वर्षांनीही त्या वेळी आजारी पडलेल्यांपैकी सुमारे १५ टक्के लोकांना आयबीएस होता. न पडलेल्यांत हे प्रमाण जवळपास ५ टक्के. जंतू कधीच निघून गेले होते, पहारा तेवढा उठला नव्हता. माझं दुखणंही एका पावसाळ्यातल्या गॅस्ट्रोनंतरच सुरू झालं. दोन्हींचा संबंध असेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या वर्षी आमच्या गल्लीतली नळाची पाईप नालीतून गेलेली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कुही म्हटलं की नागपूरवाल्याला मिरची आठवते. हिवाळा सरता सरता कुही, मांढळ, पाचखेडी भागात मिरचीचे सातरे लागतात. उघड्या जागेवर लाल ढिगारे आणि त्यांच्या कडेला तोंडाला फडकं बांधून देठ खुडत बसलेल्या बायका. लांबून फार सुंदर दिसतं, फोटोवाले येतात. जवळ गेलं की पहिला ठसका आपल्याला लागतो. त्या बायकांना लागत नाही, किंवा लागून लागून संपलेला असतो. मिरचीतल्या ज्या द्रव्यामुळे तो ठसका लागतो, त्याच्याच मदतीने डेव्हिड ज्यूलियस या शास्त्रज्ञाने १९९७ साली शरीरातला आग ओळखणारा ग्राहक शोधला आणि २०२१ चं नोबेल मिळवलं. तो ग्राहक जिभेवर आहे, कातडीवर आहे, तसा आतड्यातही आहे. आयबीएस असलेल्यांच्या आतड्यात अशा मज्जातंतूंची दाटी जास्त असल्याचं लंडनच्या संशोधकांना २००८ मध्ये दिसलं. म्हणजे ज्याला आपण 'याला तिखट सोसत नाही' असं म्हणून हिणवतो, त्याच्या आत तारा खरोखरच जास्त टाकलेल्या असू शकतात. हे वाचलं त्या दिवशी मला सावजीच्या पंगतीत गिळलेले सगळे टोमणे आठवले.

सातऱ्यावर माझ्या एका विद्यार्थिनीची आई काम करते. मुलगी शाळेत येत नव्हती म्हणून विचारायला गेलो होतो. बोलता बोलता दुपार झाली, मी म्हटलं, डबा खाऊन घ्या, मी थांबतो. ती हसली.

"डबा सांजेले जी गुरुजी. सकाळी चहाही नाही घेत मी."

"काहून?"

"चहा घेतला का पोट बोलते. मंग जाता कुठं?"

"आणि भूक?"

"भूक थांबते जी. ते थोडीच थांबते."

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. हात देठावर चालूच होते. जेवण पोटात पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा निरोप जातो. ही शरीराची रीतच आहे, सकाळी तिचा जोर सगळ्यात जास्त असतो, आणि आयबीएसमध्ये तोच निरोप ओरडून दिला जातो. पुस्तकातलं हे वाक्य त्या बाईला माझ्यापेक्षा आधी आणि माझ्यापेक्षा नेमकं ठाऊक होतं. इशारा ओळखण्यात तिच्याइतकी हुशार बाई मी पाहिली नाही. पण तिची सगळी हुशारी इशारा येऊच नये यासाठी उपाशी राहण्यात खर्ची पडत होती. सभोवती सगळं उघडं, माणसांची वर्दळ, आडोसा लांब, आणि मजुरी किलोवर. उठलं तर तेवढी मजुरी बुडाली. रोवणीच्या दिवसांत बांधीत वाकलेल्या बायकांचंही हेच. आयबीएसवरच्या पत्रकांत 'लक्षणं दिसताच जवळच्या स्वच्छतागृहात जा' असं छापलेलं असतं. 'जवळच्या' या शब्दावर मी बराच वेळ थांबतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात एक आख्खा अध्याय याच गोष्टीवर आहे, 'न वेगान् धारणीय'. शरीराचे तेरा वेग अडवू नयेत असं तिथे सांगितलं आहे, त्यात मल-मूत्र तर आहेतच, पण शिंक, जांभई, अश्रू आणि भूकसुद्धा आहे. त्याच अध्यायात पुढे अडवावेत अशा वेगांची यादी येते: लोभ, शोक, भय, क्रोध. मला ही जोडी फार आवडते. आपण नेमकं उलटं करतो. राग मोकळा सोडतो आणि पोट आवळून धरतो. पुढे चिकित्सास्थानात भयाने होणारा आणि शोकाने होणारा अतिसार असे वेगळे प्रकारच चरक सांगतात. म्हणजे मनाचा धसका पोटात उतरतो हे सांगायला आम्ही विलायतेची वाट पाहत बसलो नव्हतो. फक्त एक आहे. चरक लिहितात ते अशा माणसाला डोळ्यांपुढे ठेवून, ज्याला वेग आला की उठता येतं. वेग कुणाच्या आज्ञेने अडवला जातो, हा प्रश्न त्या अध्यायात येत नाही. वैद्याकडे तो येतच नसेल. तो येतो मास्तरकडे.

दहावीची बोर्डाची परीक्षा, मार्च महिना, गणित भाग एक. मी पर्यवेक्षक. तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने दोन बोटं वर केली. आमच्याकडे पहिलीपासून हे चालत आलंय, एक बोट म्हणजे एक नंबर, दोन बोटं म्हणजे दोन नंबर. सोबत द्यायला शिपाई जागेवर नव्हता, भरारी पथक येणार अशी कुजबुज होती. मी हातानेच खूण केली, थांब दहा मिनिटं. मुलाने मान डोलावली. मग मी पाहत होतो. त्याने पेन खाली ठेवलं. डावा पाय उजव्या पायाभोवती गुंडाळला. कपाळावर घाम आला आणि त्याने तो पुसला नाही, कारण दोन्ही हात पोटावर होते. समोर प्रश्नपत्रिका उघडी होती, पण तो ती वाचत नव्हता. माझ्या ओळखीचं होतं ते न ऐकणं. शिपाई आला तेव्हा वीस मिनिटं झाली होती. मुलगा गेला, परत आला, लिहायला लागला. त्याचं पुढे बरं झालं, पासही झाला.

तो चेहरा मला ओळखता यायला हवा होता. त्या वेळी माझ्या निदानाला चार वर्षं झाली होती. पट्टा, काटा, गार तळहात, सगळी बाराखडी मला पाठ होती. तरी ती दुसऱ्याच्या अंगावर लिहिलेली दिसली तेव्हा मी निरक्षर निघालो. किंवा खरं सांगायचं तर वाचलं, आणि नियम मोठा म्हणून सोडून दिलं. तेव्हापासून मला वाटत आलंय की या आजारात इशारा ओळखणं हा सोपा भाग आहे. तो शरीर आपणहून शिकवतं, फी घेऊन. अवघड भाग म्हणजे इशारा मानता येणं. त्याला उठायची मुभा लागते, आणि ती बहुधा दुसऱ्याच्या खिशात असते: कंडक्टरच्या, मुकादमाच्या, मास्तरच्या, सासूच्या.

माझ्यापुरतं मी काय केलं, ते विचारलं जातं म्हणून सांगतो. शाळेतली एक कोरी वही घेतली आणि दोन महिने लिहीत गेलो, काय खाल्लं, किती वाजता, आदल्या रात्री झोप किती, दुसऱ्या दिवशी कुठे जायचं होतं. मिरची दोषी ठरेल असं वाटलं होतं. कुहीची अब्रू राहिली. एकट्या मिरचीवर आरोप सिद्ध झाला नाही. सापडली ती टोळी. उपाशीपोटी दुधाचा चहा, वर कांदाभजी, आणि घाई. तिघं वेगवेगळे आले तर फारसं काही करत नाहीत. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी २००५ च्या सुमारास जी आहारपद्धत मांडली, तिचा गाभा हाच: काही साखरी आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, त्या पाणी ओढतात, आंबतात, वायू करतात. कांदा, लसूण, गहू, दूध, हरभरा ही त्यांची घरं. आता नागपुरी तर्री-पोह्यांतून कांदा, लसूण आणि हरभरा काढले तर उरतं ते पोहे, हे मला मान्य आहे. पण ते कायमचं काढायचं नसतं. चार-सहा आठवडे थांबायचं, मग एकेक परत आणून पाहायचं, आणि हे जाणत्या आहारतज्ज्ञाला विचारून करायचं. तांदळाला या यादीत जागा नाही. धानाच्या मुलखात राहतो याचं मला त्या दिवशी पहिल्यांदा बरं वाटलं.

बाकी सगळं किरकोळ आहे. सकाळी अर्धा तास आधी उठणं. पहिल्या निरोपालाच जाणं, दुसऱ्याची वाट न पाहणं. कळ आली की पट्टा एक भोक सैल करून श्वास हळूहळू सोडणं. इसबगोलाने मला फायदा झाला, कोंड्याने उलट पोट फुगलं. गोळ्या डॉक्टर देतात त्या.

पण वहीने एक नवं संकटही आणलं. मी इशाऱ्यांवर पाळत ठेवू लागलो. वैनगंगेच्या काठावरच्या गावांत धरणाचा फुगवटा चढायला लागला की लोक पाण्याच्या कडेला काठी रोवून ठेवतात आणि किती चढलं ते सकाळी पाहतात. एखादा असतो, तो रात्रभर दर तासाला टॉर्च घेऊन जातो. पाणी त्याच्या जाण्याने चढत नाही. आतड्याचं तसं नाही; तिथे टॉर्च मारली की पाणी चढतं. आज होणार का, आत्ता होणार का, असं विचारत बसलेला मेंदू आतड्याला तेच सांगत असतो, आणि आतडं आज्ञाधारक आहे. मँचेस्टरचे पीटर व्हॉरवेल यांनी १९८४ मध्ये हट्टी आयबीएसवर संमोहनाने उपचार करून चांगला गुण आल्याचं 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केलं, तेव्हा पुष्कळांच्या भुवया वर गेल्या असतील. मला आता त्यात नवल वाटत नाही. पहारेकऱ्याला झोपवता आलं तर निम्मी चोरी आपोआप थांबते, कारण पहारेकरीच चोर आहे.

माझा पहारेकरी कशाने झोपला ते सांगतो. माझ्या वर्गाला लागून एका बाईंचा वर्ग आहे. मधल्या भिंतीत खिडकी. एक दिवस धीर करून त्यांना सगळं सांगितलं, नाव घेऊन, लक्षणांसकट. मला वाटलं होतं त्या संकोचतील. त्या म्हणाल्या, "सर, एवढंच ना? खिडकीत डस्टर ठेवत जा. मी दोन्ही वर्ग पाहीन." पहिल्या महिन्यात डस्टर चारदा खिडकीत गेलं. दुसऱ्या महिन्यात एकदा. त्यानंतर ते माझ्या टेबलावरच पडून असतं, खडूच्या भुकटीने पांढरं झालेलं. पोट तेच, चहा तोच, कुहीही तीच. एसटीतसुद्धा मी आता चढतानाच कंडक्टरला सांगून ठेवतो की वाटेत थांबवावी लागेल कदाचित. आतापर्यंत एकदाच थांबवावी लागली आहे. तो म्हणाला, "जा ना जी सर, घाई कायची," आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

वर्गातल्या पोरांनाही मी सांगून टाकलं आहे. दोन बोटं वर करून माझ्या तोंडाकडे पाहत बसायचं नाही. बोटं दाखवायची आणि निघायचं. पहिल्या आठवड्यात निम्मा वर्ग बाहेर होता. मग उत्साह ओसरला.

गेल्या पोळ्याच्या आधीची गोष्ट. चौथा तास चालू होता, फळ्यावर उदाहरण सोडवत होतो. सहज खिडकीकडे लक्ष गेलं. पलीकडच्या बाजूने बाईंची पाण्याची बाटली खिडकीत येऊन उभी राहिली होती. मी पोरांना पुढचं उदाहरण सोडवायला सांगितलं आणि जाऊन दोन्ही वर्गांच्या मधल्या दारात उभा राहिलो. बाई पंधरा मिनिटांनी आल्या. मी काही विचारलं नाही. त्यांनी बाटली उचलली, दोन घोट पाणी प्यायल्या आणि मुलांना म्हणाल्या, "हं, कुठवर आलो होतो आपण?"